कंपोनंटला नाव देताना : वेबसाइटच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी

समजा, पेडणे तालुक्यातल्या एका होमस्टेची वेबसाइट तुमच्याकडे आली आहे. पहिल्या पानावर तीन खोल्यांच्या चौकटी आहेत: वर फोटो, खाली नाव, दर आणि ‘बुक करा’चं बटन. तीच चौकट ‘आमच्या खोल्या’ या पानावर थोडी मोठी दिसते आणि बुकिंगच्या पानावर उजव्या कडेला बारीक होऊन बसते. नवखा माणूस ती तीनदा लिहितो आणि तिला तीन नावं देतो: ‘होम-बॉक्स’, ‘रूम-बिग’, ‘साइड-रूम’. पावसाळ्यात दर उतरतात. मालक सांगतो, जुना दर खोडून शेजारी नवा दाखवा. मग एकच काम तीन जागी करावं लागतं आणि तिसरी जागा हमखास राहते.

एकदा लिहून हवा तिथे वापरता येतो असा तुकडा म्हणजे कंपोनंट. तो लिहिणं फार अवघड नाही. पण काही महिन्यांनी तो दुसऱ्या कोणाला सापडला पाहिजे, आणि सापडल्यावर ‘हाच वापरू की नवा लिहू’ हे नावावरून कळलं पाहिजे. खरी गोम तिथे आहे. गोव्यात मी पाहिलेल्या बहुतेक टीम दोन-चार जणांच्या. एक जण पणजीत, एक फोंड्यात घरून काम करणारा, डिझाइन करणारी साखळीला. शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारायची सोय नसते. म्हणून माझी कसोटी साधी आहे: फोनवर नुसतं नाव सांगितलं की समोरच्याला स्क्रीन न बघता वस्तू कळायला हवी.

एक खुलासा आधीच करतो. कोडमध्ये ही नावं रोमन लिपीत लिहायची. इथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

आधी यादी करा

नावं सुचवत बसण्याआधी साइटवर आहे काय ते बघा. सगळ्या पानांचे स्क्रीनशॉट काढा आणि एकाच कामाच्या चौकटी एकत्र लावा. दिसण्यावर जाऊ नका. खोलीची चौकट आणि ‘जवळपास काय पाहाल’ मधली तेरेखोलच्या किल्ल्याची चौकट दिसायला जुळ्या असतील, पण एकीत दर आणि बुकिंग आहे, दुसरीत अंतर आणि नकाशा. या दोन वस्तू आहेत. दोघींची गोल कोपऱ्यांची, सावलीची पार्श्वभूमी तेवढी एक आहे. तेव्हा ‘कार्ड’ हा साधा पाया, आणि त्यावर उभे ‘रूम-कार्ड’ आणि ‘प्लेस-कार्ड’.

मग एक शीट उघडा. वस्तू कोणती, काम काय, कुठे कुठे आहे, आज लोक तिला काय म्हणतात, आणि ठरलेलं नाव, असे रकाने पाडा. चौथा रकाना भरताना मजा येते. डिझाइन करणारी ‘टाइल’ म्हणते, कोड लिहिणारा ‘कार्ड’, मालक ‘तो फोटोचा डबा’. तिघांचं बोलणं वर्षभर एकाच वस्तूबद्दल चाललेलं असतं आणि कोणाच्या ते ध्यानात आलेलं नसतं. यातलं एक नाव निवडा आणि फिग्मा या डिझाइनच्या अ‍ॅपमध्येही तेच ठेवा. फिग्मात कंपोनंटच्या नावात तिरकी रेघ टाकली की गट पडतात, उदाहरणार्थ ‘कार्ड/रूम’. कोडमधला क्रम आणि हा क्रम जुळवला की शोधाशोध निम्मी होते.

रंग, जागा, सण आणि ‘नवीन’

नाव देताना पहिल्यांदा मनात येतं ते डोळ्यांना दिसलेलं: लाल बटन, डावीकडची पट्टी, पहिल्या पानावरचा बॅनर. या नावांची अडचण अशी की ती आज खरी असतात आणि उद्या खोटी ठरतात. वस्तू तीच राहते, पण रंग बदलतो, जागा बदलते, सण सरतो.

‘रेड-बटन’ घ्या. बुकिंगचं मुख्य बटन लाल होतं म्हणून हे नाव पडलं. मालकाने लोगो बदलला, आता बटन हिरवं हवं. दोन वाटा आहेत. सगळ्या पानांवरचं नाव बदला, नाहीतर ‘रेड-बटन’ नावाच्या क्लासमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधल्या त्या नावाखाली, हिरवा रंग भरा. घाईत दुसरी वाट धरली जाते, आणि पुढच्या माणसाला हिरवं ‘रेड-बटन’ बघावं लागतं. त्याऐवजी बटनाचं काम सांगा. पानावरची मुख्य कृती असेल तर ‘बटन--प्रायमरी’ (दोन हायफन कशाला, ते पुढे येईल), दुय्यम असेल तर ‘बटन--सेकंडरी’, बुकिंग रद्द करण्यासारखी जपून करायची असेल तर ‘बटन--डेंजर’. रंगाचं नाव एका ठिकाणी चालतं: तळाच्या रंगांच्या यादीत. तिथे ‘रेड-६००’ म्हणा, खुशाल. त्यावर ‘कलर-अ‍ॅक्शन’ असा दुसरा थर द्या आणि बटनाने फक्त या दुसऱ्या थराकडे बघावं. लोगो बदलला की एकच ओळ बदलते. सीएसएसमधली ही व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवणारी नावं, दोन हायफननी सुरू होतात आणि त्यांच्यात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो, एवढं लक्षात ठेवा.

जागेचंही तेच. ‘लेफ्ट-पॅनेल’ मोबाइलवर डावीकडे नसतंच, ते खाली जातं. बूटस्ट्रॅप या प्रसिद्ध फ्रेमवर्कने २०२१ मध्ये पाचवी आवृत्ती काढताना समासाच्या क्लासांतले ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ काढून ‘स्टार्ट’ आणि ‘एंड’ आणले. उर्दू किंवा अरबीसारख्या उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांत ओळ जिथे सुरू होते ती बाजू उजवी असते, हे त्याचं कारण. जगभरच्या साइट्सना त्यापायी आपली नावं बदलावी लागली. आपली साइट तेवढी मोठी नाही, पण धडा तोच आहे: ‘फिल्टर-पॅनेल’ म्हणा, मग ते कुठेही बसू दे.

सणांबाबत गोव्यात जास्त जपावं लागतं, कारण इथे साइटवर काही ना काही सतत लागतं. चवथीला केलेल्या पट्टीचं नाव ‘चवथ-बॅनर’ ठेवलं की नाताळात तीच पट्टी काढून तिच्यात तारा लावला जातो, शिगम्याला गुलाल, आणि जूनमध्ये ‘पावसाळी सवलत’. क्लास मात्र ‘चवथ-बॅनर’च. तिचं काम आहे ठराविक मुदतीची सूचना पानाच्या माथ्यावर दाखवणं. मग ‘सीझन-बॅनर’ किंवा ‘नोटीस-बॅनर’ म्हणा आणि सणाचं नाव मजकुरात राहू द्या.

बटनावरच्या अक्षरांवरूनही नाव देऊ नये. ‘बुक-नाऊ-बटन’ असं ठेवलं आणि मालकाला वाटलं की लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलेलं बरं, तर अक्षरं बदलणार.

आणि मग ‘न्यू’. मांडवीवरचा पहिला पूल १९८६ च्या जुलैत कोसळला, पुढे त्या जागी दोन पूल उभे राहिले, आणि २०१९ मध्ये त्यांच्या मधून उंचावरून जाणारा अटल सेतू सुरू झाला. आता पणजीत कोणी ‘नव्या पुलावरून ये’ म्हटलं तर कोणता पूल ते सांगणाऱ्याच्या वयावर ठरतं. ‘कार्ड-न्यू’चं तसंच होतं. वर्षभरात ‘कार्ड-न्यू-२’ येतं, मग कोणीतरी ‘कार्ड-फायनल’ आणतो, आणि मूळचं ‘कार्ड’ काढून टाकायची कोणाची हिंमत होत नाही. नवी चौकट जुनीपेक्षा वेगळं काय करते ते नावात आणा. तिला तुलना करता येते? ‘रूम-कार्ड--कम्पेअर’. फरक सांगताच येत नसेल, तर बहुधा नव्या कंपोनंटची गरजच नाही. जुना दुरुस्त करा.

उलट टोकालाही जाऊ नका. कामाचं नाव द्यायचं म्हणून काही जण ‘बॉक्स’, ‘आयटम’, ‘रॅपर’, ‘कॉमन’, ‘ब्लॉक’ अशी नावं देतात, जी कशालाही लागू पडतात. नाव किती मोकळं ठेवायचं? माझं मत असं: आज जे वापर समोर आहेत, तेवढ्यांना पुरेल इतकंच. होमस्टेत खोल्याच आहेत तोवर ‘रूम-कार्ड’ उत्तम. उद्या मालकाने मोरजीला अख्खं घर भाड्याने द्यायला काढलं तर ‘स्टे-कार्ड’ करू. कधीतरी लागेल म्हणून पहिल्याच दिवशी ‘लिस्टेबल-एंटिटी-कार्ड’ करणारे लोक असतात. त्यांच्या फोल्डरमध्ये खोली शोधून दाखवा.

नाव आधीच रूढ असेल तर तेच घ्या

पुष्कळ वस्तूंची नावं ठरलेली आहेत. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने अपंग व्यक्तींनाही वापरता येतील असे घटक कसे बांधावेत याचं मार्गदर्शन दिलं आहे. त्यात अकॉर्डियन, टॅब्ज, डायलॉग, ब्रेडक्रंब, कॅरोसेल, कॉम्बोबॉक्स, टूलटिप अशी नावं आणि प्रत्येकाने कीबोर्डवर कसं वागावं हे दिलेलं आहे. रूढ नाव घेतलं की त्यासोबत रूढ वागणूकही पदरात पडते: ‘टॅब्ज’ म्हटलं की बाणांच्या कळांनी पुढे-मागे जाता आलं पाहिजे हे ओघाने आलं.

मराठी टीममध्ये इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘पॉपअप’ या शब्दाने. खोलीचा मोठा फोटो उघडतो तो पॉपअप, ‘बुकिंग झालं’ असं कोपऱ्यात चमकून जातं ते पॉपअप, ‘आय’ या चिन्हावर बोट ठेवल्यावर येते ती माहिती पॉपअप, आणि तारीख निवडायचं कॅलेंडर तेही पॉपअपच. बोलताना चालून जातं. कोडमध्ये या चार वेगळ्या वस्तू आहेत. पहिला ‘डायलॉग’, तो उघडा असेपर्यंत मागचं पान थांबतं, आणि त्यासाठी एचटीएमएलमध्ये त्याच नावाचा टॅग आहे. दुसरा ‘टोस्ट’, जो आपोआप जातो आणि वाचणाऱ्याचं काम अडवत नाही. तिसरी ‘टूलटिप’. चौथा ‘डेट-पिकर’. चारही ‘पॉपअप’ या एकाच फाइलीत कोंबले की ती फाइल अटींनी भरते आणि एस्केप दाबल्यावर काय व्हावं हे कोणालाच सांगता येत नाही.

तसाच एक बारीक भेद: प्रश्नांच्या यादीत एकाखाली एक मथळे असतात आणि दाबलं की उत्तर उघडतं, तो अकॉर्डियन. एकटंच ‘अधिक वाचा’ असेल तर ते डिस्क्लोजर.

भाग आणि प्रकार कसे जोडायचे

आता वस्तूच्या आत शिरू. ‘रूम-कार्ड’मध्ये फोटो आहे, नाव आहे, दर आहे. त्यांना नुसतं ‘फोटो’, ‘नाव’, ‘दर’ म्हटलं तर साइटवरच्या बाकी फोटोंशी टक्कर होते. यावरचा एक जुना आणि अजूनही धडधाकट उपाय म्हणजे बेम, म्हणजेच ब्लॉक, एलिमेंट, मॉडिफायर. यांडेक्स या रशियन कंपनीत तो तयार झाला. ब्लॉक म्हणजे वस्तू, एलिमेंट म्हणजे तिचा भाग, मॉडिफायर म्हणजे तिचा प्रकार. भागाआधी दोन अंडरस्कोर येतात. प्रकाराआधी मूळ यांडेक्सच्या पद्धतीत एकच अंडरस्कोर होता, नंतर दोन हायफनची शैली जास्त रुळली. मी दोन हायफनच वापरतो, डोळ्यांना फरक चटकन दिसतो.

म्हणजे आपली चौकट अशी होईल:

रूम-कार्ड
रूम-कार्ड__फोटो
रूम-कार्ड__टायटल
रूम-कार्ड__प्राइस
रूम-कार्ड__प्राइस--ओल्ड
रूम-कार्ड--कॉम्पॅक्ट

शेवटची ओळ बुकिंगच्या पानावरच्या बारीक चौकटीसाठी, तिच्या आधीची पावसाळ्यात खोडलेल्या दरासाठी. सुरुवातीला सांगितलेला मालकाचा बदल आता एका जागी होतो.

दोन गोष्टी नवख्यांकडून नेहमी सुटतात. पहिली, प्रकाराचा क्लास एकटा लावायचा नसतो. ‘रूम-कार्ड’ आणि ‘रूम-कार्ड--कॉम्पॅक्ट’ हे दोन्ही एकत्र लावायचे, कारण प्रकारात फक्त फरक लिहिलेला असतो. दुसरी, नातवंडांना नावात आणायचं नाही. दर जरी तळपट्टीच्या आत असला तरी ‘रूम-कार्ड__फूटर__प्राइस’ असं लिहू नये, ‘रूम-कार्ड__प्राइस’ पुरे. उद्या दर तळपट्टीतून काढून फोटोवर नेला तर नाव तसंच राहतं.

शब्दांचा क्रमही एकदाच ठरवा. मी मोठ्याकडून बारीककडे जातो: ‘सर्च-इनपुट’, ‘सर्च-बटन-क्लिअर’, ‘सर्च-बटन-रन’. फाइली वर्णानुक्रमे लागतात, त्यामुळे शोधाशी संबंधित सगळं एकाखाली एक येतं. व्ह्यू या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या अधिकृत शैलीपुस्तिकेतही हाच क्रम सुचवला आहे. कानाला ‘क्लिअर-सर्च-बटन’ बरं वाटतं, मान्य. पण मग ते ‘सी’खाली जातं आणि त्याची भावंडं ‘एस’खाली राहतात.

एक आणि अनेक यांच्यात फक्त एका ‘एस’चा फरक ठेवू नका. ‘रूम-कार्ड’ आणि ‘रूम-कार्ड्स’ शेजारी आले की घाईत चुकीची फाइल उघडली जाते. यादी असेल तर ‘रूम-कार्ड-लिस्ट’.

थोडं उपसर्गाबद्दल. तयार थीम आणि बूटस्ट्रॅप यांनी ‘कार्ड’, ‘बटन’ अशी साधी नावं आधीच घेतलेली असतात. तुमचं ‘कार्ड’ त्यांच्या ‘कार्ड’वर आदळलं की सावल्या आणि समास कुठून येतात ते कळत नाही. दोन-तीन अक्षरांचा उपसर्ग लावा. तो ग्राहकाच्या नावाचा मात्र नको. हेच कंपोनंट पुढच्या ग्राहकालाही वापरणार असाल तर त्याच्या कोडमध्ये आधीच्याचं नाव दिसणं बरं नव्हे.

लहान-मोठी अक्षरं

यात आवडीनिवडीला फार वाव नाही, कारण हत्यारांनीच नियम घालून दिले आहेत. सीएसएस क्लास लहान अक्षरांत, मधे हायफन: याला केबाब केस म्हणतात. रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत कंपोनंटचं पहिलं अक्षर कॅपिटल हवंच. लहान असेल तर रिअ‍ॅक्ट त्याला साधा एचटीएमएल टॅग समजतं आणि तुमची चौकट पानावर येतच नाही. ब्राउझरच्या स्वतःच्या कस्टम एलिमेंटना (आपण घडवलेल्या टॅगना) नावात निदान एक हायफन सक्तीचा आहे, सुरुवात लहान रोमन अक्षराने हवी आणि मोठी अक्षरं चालत नाहीत. हायफनच्या सक्तीमुळे पुढे एचटीएमएलमध्ये नवे टॅग आले तरी तुमच्या नावाशी टक्कर होत नाही. व्ह्यूवाले याच कारणासाठी निदान दोन शब्दांचं नाव ठेवायला सांगतात. आकड्याने सुरू होणारा क्लास एचटीएमएल चालवून घेतं, पण सीएसएसमध्ये तो तसाच लिहिला तर नियम लागत नाही. ‘३-कॉलम’ऐवजी ‘कॉलम-३’ लिहा.

फाइलींच्या नावांत खरी मेख आहे, तिथे जरा थांबू. विंडोज आणि मॅक यांच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत ‘रूमकार्ड’ मोठ्या ‘आर’ने लिहा की लहान, फाइल एकच धरली जाते. लिनक्समध्ये त्या दोन वेगळ्या फाइली. तुम्ही मॅकवर काम करता, फाइल लहान ‘आर’ची आहे, आयात करताना मोठा ‘आर’ लिहिला आहे, आणि तुमच्याकडे सगळं सुरळीत चालतं. कोड वर चढतो. सर्व्हर बहुधा लिनक्सचा. तिथे बिल्ड (कोडमधून साइट तयार करणं) मोडतं, ‘मॉड्यूल सापडलं नाही’ म्हणतं, आणि तुम्ही स्क्रीनवर डोळ्यांनी बघताय की फाइल तर आहे. मग फाइलीचं नाव सुधारून पुन्हा पाठवता, तरी तेच. कारण नुसता अक्षराचा लहान-मोठेपणा बदलला तर या यंत्रांवर कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटला तो बदल दिसत नाही. खात्रीचा मार्ग दोन टप्प्यांचा: ‘गिट एमव्ही’ने फाइलीला आधी भलतंच तात्पुरतं नाव द्या, मग हवं ते. हा घोळ टाळायचा असेल तर फाइलींची नावं सरसकट लहान अक्षरांत हायफनसह ठेवा आणि आत कंपोनंटचं नाव पास्कल केसमध्ये, म्हणजे प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल. बरीच रिअ‍ॅक्ट मंडळी फाइलही पास्कलमध्येच ठेवतात. चालेल, पण मग सगळ्यांनी.

बाहेरून बदलता येणाऱ्या गोष्टी

कंपोनंटला बाहेरून जे सांगता येतं, त्या प्रॉप्सची नावंही याच शिस्तीत आणा. हो-नाही स्वरूपाचं प्रॉप होकारार्थी ठेवा. ‘हाइड-प्राइस’ला ‘फॉल्स’ दिलं म्हणजे दर दिसणार की लपणार, याचा विचार करण्यात प्रत्येक वेळी क्षणभर जातो. ‘शो-प्राइस’ला हा प्रश्नच पडत नाही. अपवाद ‘डिसेबल्ड’चा. ते एचटीएमएलचंच नाव आहे, तिथे शहाणपणा करून ‘इनेबल्ड’ आणू नका.

आकारांची एकच शिडी ठेवा: स्मॉल, मीडियम, लार्ज. बटनाला ‘लार्ज’, चौकटीला ‘बिग’ आणि मथळ्याला ‘एक्सएल’ असेल तर प्रत्येक वेळी फाइल उघडून बघावं लागतं.

उघडं-मिटलेलं ही स्थिती दाखवायला ‘इज-ओपन’सारखा क्लास चालतो. पण त्या बटनावर ‘एरिया-एक्सपांडेड’ (aria-expanded) हे अ‍ॅट्रिब्यूट असायलाच हवं, मग सीएसएसने त्याकडेच बघावं. एकच स्थिती दोन नावांनी ठेवली की कधीतरी दोघांत तफावत पडते: डोळ्यांना मेनू उघडा दिसतो आणि दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर तो मिटलेला सांगतो.

संक्षेप टाळा. ‘बुकिंग’चं ‘बीकेजी’ करून वाचतं काय? ‘नॅव्ह’, ‘इन्फो’ असे सगळ्यांना माहीत असलेले चार-पाच चालू द्या आणि ते यादीत लिहा.

साखळी की सांकेलिम

हा भाग पुण्या-मुंबईच्या टीमला क्वचित लागेल, आपल्याला रोज लागतो. इथल्या गावांची रोमन स्पेलिंग पोर्तुगीज काळातून आलेली आहेत आणि उच्चाराशी जुळत नाहीत. साखळीचं स्पेलिंग वाचलं तर ‘सांकेलिम’, डिचोलीचं ‘बिचोलिम’, काणकोणचं ‘कानाकोना’. पणजीची तर दोन स्पेलिंग सर्रास चालतात. एकाने सरकारी स्पेलिंग घेतलं, दुसऱ्याने कानाला आलं तसं लिहिलं, की ‘साखळीतल्या खोल्या’ या फिल्टरमध्ये निम्म्याच खोल्या येतात, आणि कुठेही एरर दिसत नाही. गावांसाठी सरकारी नकाशातलं स्पेलिंग घ्या, ते एकाच फाइलीत ठेवा, आणि हाताने कुठेही टाइप करू नका. पडद्यावर दिसणारं ‘साखळी’ हे त्या स्पेलिंगचं लेबल, भाषेप्रमाणे बदलणारं.

कंपोनंटच्या नावात मात्र मराठी-कोकणी शब्द शक्यतो नकोच. ‘जत्रा’ कोणी ‘जे’ने लिहितो, कोणी ‘झेड’ने, ‘शिगमो’ की ‘शिगमा’, यावरच वाद होतील. देवस्थानाच्या साइटवर पालखी, जत्रा, रात्रीचं नाटक हे सगळं दाखवणारी चौकट ‘इव्हेंट-कार्ड’. त्यातला ‘टाइप’ हा गुणधर्म जत्रा की नाटक ते सांगेल.

भाषेवरून वेगळं कंपोनंट करू नका. ‘कार्ड-मराठी’, ‘कार्ड-कोकणी’ अशी जोडी बनवली की दोन्हीकडे डागडुजी आली. चौकट एकच, भाषा ‘लँग’ या अ‍ॅट्रिब्यूटमधून. मराठीचा संकेत ‘एमआर’. कोकणीला दोन अक्षरी संकेत नाही, तीन अक्षरी ‘केओके’ आहे. ‘असेल काहीतरी’ म्हणून अंदाजाने ‘केओ’ लिहिलं तर ती कोरियन होते आणि ‘केएन’ लिहिलं तर कन्नड. स्क्रीन रीडर कोणता आवाज लावायचा हे यावरून ठरवतो, तेव्हा ही चूक दिसत नसली तरी ऐकू जाते.

लिहून ठेवा, आणि नाव बदलायची वेळ आली तर

ठरलेले नियम एका पानात मावले पाहिजेत आणि कोडच्याच फोल्डरमध्ये राहिले पाहिजेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेलं दोन दिवसांत वर सरकून जातं. नियमांपेक्षा उदाहरणं जास्त द्या: हे बरोबर, हे नको, आणि का, ते एका ओळीत. मग पहारा यंत्रावर, म्हणजे कोड तपासणाऱ्या हत्यारांवर, सोपवा. स्टाइललिंटमध्ये क्लासच्या नावाचा साचा घालून देता येतो, ईएसलिंटमध्ये रिअ‍ॅक्ट आणि व्ह्यूच्या नावांसाठी नियम आहेत. नाव चुकलं की यंत्र टोकतं. सहकाऱ्याने टोकलं की वाईट वाटतं, यंत्राचं कोणी मनाला लावून घेत नाही.

तरीही एखादं नाव बदलावं लागणारच. बूटस्ट्रॅपनेही चौथ्या आवृत्तीत ‘पॅनेल’, ‘वेल’ आणि ‘थंबनेल’ काढून तिन्हींच्या जागी ‘कार्ड’ आणलं. आपल्याकडे ते असं करा: नवं नाव आणा, जुनं नाव त्यालाच वळवून ठेवा, जुनं वापरलं तर कन्सोलमध्ये इशारा येऊ द्या. मग पानं एकेक करून नव्या नावावर न्या. शेवटी संपूर्ण कोडमध्ये जुनं नाव शोधा, काहीच सापडलं नाही की पुसून टाका. कंपोनंट पॅकेज म्हणून इतरांना देत असाल, तर जुनं नाव पुसणं हा मोडतोड करणारा बदल आहे, त्यासाठी आवृत्तीचा पहिला आकडा वाढवायचा असतो.

वर्डप्रेसवर काम करत असाल तर एक पायरी जास्त. ब्लॉक एडिटर २०१८ च्या डिसेंबरमध्ये आला, तेव्हापासून ब्लॉकचं नाव, तिरक्या रेघेआधीच्या उपसर्गासकट, प्रत्येक लेखाच्या मजकुरात कॉमेंटच्या रूपाने जतन होतं. म्हणजे ते नाव कोडमध्ये आहे तसं डेटाबेसमध्येही आहे. कोडमध्ये बदललंत आणि डेटाबेस तसाच ठेवलात, तर जुनी पानं एडिटरमध्ये उघडताना ‘या ब्लॉकला साइटचा आधार नाही’ अशा अर्थाची सूचना येते. आधी बॅकअप घ्या, मग डेटाबेसमधल्या मजकुरात जुनं नाव शोधून बदला, दोन-तीन जुनी पानं एडिटरमध्ये उघडून तपासा, आणि त्यानंतरच जुन्या ब्लॉकची नोंदणी काढा.